परक्या घरातली ताई : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की तरुणपणी चौदा महिने मी एका घरी ओ-पेअर म्हणून राहिले होते आणि पुढे पाळणाघरात जी वर्षं काढली ती त्या चौदा महिन्यांच्या भांडवलावर. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी विचारलंय, हे ओ-पेअर म्हणजे नक्की काय? शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'बरोबरीने'. दुसऱ्या देशातल्या कुटुंबात घरच्या माणसासारखं राहायचं, दिवसातले ठरलेले तास त्यांची मुलं सांभाळायची. त्याबदल्यात राहायला खोली, जेवण, हातखर्चाला पैसे आणि तिथली भाषा शिकायला वेळ. बाकीची पत्रं ज्या मुली-मुलगे जाणार आहेत किंवा जाऊन अडकले आहेत त्यांची आहेत. त्यांतली काही इथे घेते. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, पुढच्या आठवड्यात मी रुजू होतेय. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. पहिल्याच दिवशी मी त्यांना आवडावी म्हणून काय घेऊन जाऊ?

फार काही नको. मी नेलं होतं. फुगे, रंगीत कागद, हातात घालायच्या दोन बाहुल्या, सगळं पिशवीत ठासून. दारातच गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात पसरले आणि तोंडभर हसले. चार वर्षांचा थोरला जो सोफ्यामागे गेला तो संध्याकाळी आई आली तेव्हाच बाहेर आला. दोन वर्षांच्या धाकटीने भोकाड पसरलं. बाहुल्या पाहून तर ती आणखीच घाबरली.

दुसऱ्या दिवशी माझं अवसानच गळालं होतं. करायचं काय हे सुचेना, म्हणून धुतलेल्या मोज्यांचा ढीग घेऊन जमिनीवर बसले आणि जोड्या लावू लागले. मुलांकडे पाहिलंही नाही. दहाएक मिनिटांनी सोफ्यामागून एक हात आला, मी चुकीची लावलेली एक जोडी त्याने सोडवली आणि हात परत आत गेला. मी मुद्दाम दुसरी जोडी चुकवली. हात पुन्हा आला. तिसऱ्या जोडीला अख्खा मुलगा आला.

नवा माणूस अंगावर आला की मूल मागे सरतं. तेच माणूस शेजारी बसून हाताने काहीतरी करत असलं की मूल त्याला दुरून जोखतं आणि मग स्वतःच्या पायांनी जवळ येतं. तेव्हा जाताना एखादं हातकाम ने. कागदाच्या घड्या, लोकरीचं विणकाम, काहीही. येत नसलं तर मोजे कुठल्याही घरात असतातच.

पिशवीपेक्षा वही महत्त्वाची. पहिल्या दोन दिवसांत आई-वडिलांना विचारून तीत लिहून घे: कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, झोपताना काय लागतं, मुलांना शाळेतून कोण नेऊ शकतं आणि कोण नाही, घरात कुठल्या गोष्टीला ठाम 'नाही' आहे. मुलांचे खासगी शब्दही विचार, कारण ते कोशात मिळत नाहीत. आमची धाकटी झोपेच्या वेळी 'मूमू, मूमू' करून रडायची आणि मी तीन दिवस तिला गाईची चित्रं दाखवत होते. मूमू म्हणजे तिच्या जुन्या पांघरुणाची चिंधी निघाली.

वहीच्या पहिल्याच पानावर त्या घराचा पूर्ण पत्ता आणि तिथला आणीबाणीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिही. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात ११२ चालतो, बाकी ठिकाणचा विचारून घे. नंबर पाठ असतो गं, पण घाबरल्यावर आपण राहतो त्या घराचा पत्ता आठवत नाही आणि नव्या देशात तो उच्चारायलाही जमत नाही. शक्य असेल तर निघण्याआधी प्रथमोपचाराचा वर्ग कर. घशात काही अडकलं तर काय करायचं हे वाचून येत नाही, हाताने करून पाहावं लागतं. आणि भाजलं तर भाजलेल्या जागेवर नळाचं गार, वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

इथे चार दिवस पाऊस थांबत नाहीये. दुपारी दोन ते सहा मी, पाच वर्षांचा मुलगा आणि त्याची दोन वर्षांची बहीण घरात. तो काही बांधतो, ती पाडते, तो तिला मारतो, मग दोघं रडतात. रोज हेच. माझ्याकडचे सगळे खेळ पहिल्या दिवशीच संपले.

संपणारच. चार तासांना पुरतील इतके खेळ कुणाकडेच नसतात. आधी भांडण बघू, मग पाऊस.

मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलं आधी एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात आणि खऱ्या अर्थाने मिळून खेळणं पुढे हळूहळू येतं, हे त्यात नीट मांडलंय. तू दोन वर्षांच्या मुलीला 'दादाबरोबर मिळून खेळ' म्हणतेस तेव्हा तिला अजून न येणारी गोष्ट मागतेयस. तिच्या मते ती खेळतेच आहे. पाडणं हाच तिचा खेळ आहे.

मग तिला त्याच कामावर नेम. आमच्याकडे धाकटीला मी 'पाडापाडी अधिकारी' केलं होतं. थोरल्याने मनोरा रचायचा, रचून झाला की शिट्टी मारायची, शिट्टी झाली की अधिकारी येऊन पाडणार. शिट्टीआधी पाडलं तर ती पाडापाडी बाद. दोन दिवसांत थोरला पाडण्यासाठीच बांधायला लागला, कसा बांधला की जास्त आवाज होतो याचे प्रयोग करू लागला. ज्या गोष्टी खरोखर पाडायच्या नाहीत त्यांच्यासाठी तिचा हात पोचणार नाही असं उंच टेबल त्याच्या नावावर करून दिलं. त्या टेबलावर त्याचं राज्य. मीसुद्धा विचारून हात लावायचे.

आता पाऊस. पाऊस आहे म्हणून घरात बसायचं हा मोठ्यांचा नियम आहे, मुलांचा नाही. विजा नसतील आणि वारा बेफाम नसेल तर रेनकोट-गमबूट चढवून अर्धा तास बाहेर ने. वाहत्या पाण्यात दोन पानं सोडायची आणि कुणाचं पान आधी पोचतं ते बघायचं. कुठल्या डबक्यात उडी मारली की पाणी जास्त उडतं ते बघायचं. परत आल्यावर कपडे बदलण्यात आणखी वीस मिनिटं जातात, तीही मोजायची! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. चार दिवस कोंडलेल्या मुलांची ती होत नाही आणि उरलेला जोर मारामारीत निघतो.

घरातल्या वेळेसाठी मी एकच गोष्ट घ्यायला सांगेन, कागदी चिकटपट्टी. रंगारी कडेला लावतात ती. जमिनीवर लांबलचक रस्ता चिकटव, मग वळण, मग चौक. गाड्या काढून देण्याची गरज पडत नाही, त्या आपोआप येतात. पाच वर्षांच्याला गाडी उभी करायच्या जागा आखू दे. प्रत्येक गाडीची लांबी तो मोजत बसेल. रस्ता जुना झाला की तीच पट्टी नदी होते, तिच्यावरून उड्या मारायच्या. मग दोरी होते, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं. दोन वर्षांच्या मुलीला शेवटी सगळी पट्टी ओढून काढायचं काम दे. पुन्हा अधिकारीण खूश. फक्त लाकडी जमीन असेल तर आधी घरच्यांना विचार आणि एका कोपऱ्यात लावून बघ. मी न विचारता लावली होती आणि पॉलिशचा एक पट्टा निघून आला. त्या संध्याकाळचं बोलणं इथे लिहीत नाही.

टेबलावर चादर टाकून अंधार कर आणि आत टॉर्च दे. खेळण्यांच्या सावल्या भिंतीवर लहानमोठ्या होतात, त्या का होतात हे विचारू नकोस, पोरगा स्वतःच टॉर्च मागे-पुढे करून काढेल. भिंतीला कागद लावलास तर सावलीची कड पेन्सिलने गिरवता येते.

हात बरबटवायचे असतील तर दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी. हे मिश्रण हळूच बोट घातलं तर पाण्यासारखं वाहतं आणि मुठीत दाबलं तर दगडासारखं घट्ट होतं, मूठ सोडली की पुन्हा ओघळतं. मी आजही अर्धा तास त्यात हात घालून बसू शकते. खेळ संपल्यावर ते बेसिनमध्ये ओतू नकोस. खाली साचून नळी तुंबते, हाही स्वानुभव. वाळू दे आणि केराच्या डब्यात टाक. मिठाची कणीकही सोपी आहे, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, साधारण एक वाटीपर्यंत. पण तुझी धाकटी अजून सगळं तोंडात घालत असेल तर ती कणीक थोरल्याच्या टेबलावरच राहू दे. एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही.

क्रमाकडे मात्र लक्ष ठेव. धांगडधिंग्यानंतर बसायचा खेळ, बसल्यानंतर पुन्हा पळायचा. लपंडाव, मग गोष्ट. आंधळी कोशिंबीर, मग पाण्याचं काम. स्टुलावर उभं करून सिंकमध्ये चार पेले, एक गाळणी आणि थोडं पाणी, खाली जुना टॉवेल, आणि तू शेजारी. थकलेल्या, चिडलेल्या मुलाला पाण्यापाशी नेलं की कशाने शांत होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण होतं.

आणि तो 'कंटाळा आला' म्हणाला की लगेच धावू नकोस. दहा मिनिटं त्याला कंटाळू दे. आमच्या थोरल्याने घरातल्या सगळ्या दरवाज्यांना तिकीटखिडक्या केल्या त्या अशाच दहा मिनिटांत. पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकघरात जायला मला तिकीट काढावं लागायचं.

आठ महिन्यांचं बाळ आहे. बसतं, पण रांगत नाही अजून. त्याच्याशी खेळायचं काय? आई म्हणते 'अ‍ॅक्टिव्हिटी करून घे'.

एक बसकी, पक्की टोपली घे आणि तीत घरातल्याच वस्तू ठेव. लाकडी चमचा, धातूची गाळणी, स्वच्छ ब्रश, कापडाचा तुकडा, झाकण, मोठा गुळगुळीत दगड. प्लॅस्टिकचं शक्यतो काही नको, कारण बाळाच्या हाताला प्लॅस्टिक सगळीकडे सारखंच लागतं. एलिनॉर गोल्डश्मिड ह्या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंची ही कल्पना, त्या हिला खजिन्याची टोपली म्हणत. बाळाला टोपलीशी बसवायचं, आपण जवळच बसायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड. बाळ गाळणी उचलतं, चाटतं, टाकतं, आवाज ऐकतं, पुन्हा उचलतं. मध्ये आपण 'अरे वा, गाळणी!' म्हटलं की ते आपल्याकडे बघतं आणि त्याचं काम मोडतं.

टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीच वस्तू टोपलीत नको. सुटणारी, तुटणारी, टोकदार नको. बटणासारखे चपटे सेल तर बाळाच्या आसपासही नकोत. रिमोट, गाणारी शुभेच्छापत्रं, किल्लीचे दिवे हे सगळं तपास. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

दुसरा खेळ तुला येतोच. तोंडावर कापड घ्यायचं आणि 'भॉक्' करायचं. दिसेनाशी झालेली गोष्ट नाहीशी होत नाही हे ह्याच वयाच्या सुमाराला बाळाला उमगायला लागतं, म्हणून त्याला त्यात एवढी मजा येते. थोड्या दिवसांनी गाळणी कापडाखाली लपवून बघ, शोधतं का.

आंघोळ घालताना मात्र खेळ तू खेळायचा आणि लक्ष पाण्यावर ठेवायचं. दारावरची घंटा वाजो, फोन वाजो, बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर घेऊनच उठायचं. चार बोटं पाणीही बुडायला पुरतं. झोपवताना पाठीवर. वर्षाच्या आत मध नाही, कुणी कितीही गुणकारी सांगितला तरी.

बाळाच्या आईला संध्याकाळी दोन ओळी लिहून दे: 'आज गाळणी बारा वेळा टाकली, ब्रश कानाला लावला.' 'अ‍ॅक्टिव्हिटी' शब्दामागे बहुतेकदा हेच असतं. दिवसभर बाळापासून लांब असलेल्या बाईला त्याचा दिवस कळायला हवा असतो.

मी मुलगा आहे, वय बावीस. तीन वर्षांचा पोरगा आई निघाली की दाराला लटकून रडतो आणि मी उचलायला गेलो की मला मारतो. आई आता त्याला चुकवून मागच्या दाराने जाते. शेजारच्या बाई म्हणाल्या, मुलग्यांचं हे कामच नव्हे.

शेजारच्या बाईंचं सोड. पाळणाघरात सर्वांत हट्टी मुलं एका दादाच्या मांडीवर झोपायची आणि आम्ही चार जणी बघत बसायचो.

मागचं दार आजपासून बंद. हे त्याच्या आईला तूच सांगायला हवंस आणि तेही रात्री, मूल झोपल्यावर, शांतपणे. आई अशी अचानक गायब होऊ शकते हे एकदा कळलं की ते पोरगं ती घरात असतानाही तिच्यावर पहारा ठेवणार. निरोप छोटा आणि रोज तोच असू दे. आमच्या घरी आईने हाताच्या तळव्यावर पापा द्यायचा, मुलाने मूठ मिटून तो खिशात ठेवायचा आणि मग खिडकीशी जाऊन हात हलवायचा. खिडकीपर्यंत जायचं असल्यामुळे दार सुटतं. तो रडेल, पहिले काही दिवस जास्तच रडेल. आईने पुन्हा आत यायचं नाही. कधी येणार तेही त्याच्या घड्याळात सांग. 'पाच वाजता' त्याला कळत नाही, 'झोपून उठलास, खाल्लंस, बागेत गेलास की आई' हे कळतं. आणि जे सांगशील ते पाळलं जायला हवं.

मारतो तेव्हा त्याचा हात धर, आवळू नकोस, आणि त्याच्या उंचीला बसून एवढंच म्हण, 'मारू देणार नाही. तुला आई हवी आहे.' भाषण नको. रडणाऱ्या मुलाला तीनच्या पुढे शब्द ऐकू येत नाहीत असं मी धरून चालते. मग त्याच्यापासून हातभर अंतरावर बस आणि मोजे काढ. वर सांगितलंय तेच.

रडणं थांबावं म्हणून मोबाईलवर कार्टून लावलं तर चालेल का?

आई-वडिलांनी काय ठरवलंय ते आधी विचार, घर त्यांचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत. मी स्वतः एवढंच म्हणेन की रडणं थांबवायला लावू नकोस. नाहीतर आठवड्यात मुलाला कळतं की रडलं की कार्टून लागतं, आणि मग ते कार्टूनसाठी रडतं. लावायचंच तर रोज ठरल्या वेळी लाव, शेजारी बसून बघ.

सहा वर्षांची मुलगी माझ्या उच्चारांना हसते. 'तुला बोलताच येत नाही' म्हणते. माझं कुणी ऐकत नाही, कारण मी वाक्य जुळवेपर्यंत ती पळून गेलेली असते.

हसू दे. त्या घरात तिच्यापेक्षा कमी बोलता येणारं एकच मोठं माणूस आहे, ते तू, आणि सहा वर्षांच्या मुलीला असं सुख रोज मिळत नाही. तिला तुझी बाई कर. खरोखर फळा-खडू दे, रोज तिने तुला पाच शब्द शिकवायचे, दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची. झोपताना चित्रांचं पुस्तक तिने तुला वाचून दाखवायचं, अडेल तिथे बोट ठेवून तू विचारायचं. तिचं वाचन होतं, तुझी भाषा होते. मी एकदा 'बूट घाल' म्हणायच्या जागी 'बूट खा' म्हणाले होते. थोरला गंभीर चेहऱ्याने बूट चाटायला लागला. पुढे आम्हाला लवकर निघायचं असलं की मी मुद्दाम 'चला, बूट खा' म्हणायचे आणि तो धावत येऊन पायात चढवायचा.

ऐकत नाही याचं कारण मात्र उच्चार नाहीत. लांब वाक्यं सोड. दिवसात लागणाऱ्या दहा-बारा सूचना तिच्या आईकडून अगदी घरात वापरतात तशाच शिकून घे आणि रोज त्याच शब्दांत, त्याच खुणेबरोबर म्हण. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडू नकोस, जवळ जा, खांद्याला हात लाव, मग बोल. रस्ता ओलांडताना 'थांब' हा शब्द तर पहिल्या दिवशीच पक्का कर. त्याचा खेळ करता येतो. चालता चालता 'थांब' म्हटलं की पुतळा व्हायचं. रोज दहा वेळा खेळ. खरी वेळ येते तेव्हा पाय आधी थांबतात.

आणि तुझी मराठी लपवू नकोस. जिना चढताना एक, दोन, तीन म्हण. महिन्याभरात ती आईला मोजून दाखवेल, आणि त्यात 'सात'चा उच्चार चुकला तर हसायची पाळी तुझी.

करारात मुलं सांभाळणं आणि मुलांचे कपडे एवढंच आहे. आता सगळ्या घराचं इस्त्रीकाम, खिडक्या पुसणं, रोजचे नऊ-दहा तास. वाईट माणसं नाहीत, म्हणून बोलता येत नाही.

'वाईट माणसं नाहीत' हे वाक्य तीन पत्रांत आहे. माझंही असंच झालं. एक दिवस भांडी, मग एक दिवस पाहुण्यांची भांडी, मग पाहुण्यांची मुलं. कुणी ठरवून लादलं नव्हतं. मी 'हो' म्हणत गेले आणि त्यांना वाटलं हिला आवडतं.

तुझ्या बाजूला काय आहे ते माहीत असू दे. युरोप परिषदेचा ओ-पेअरबाबतचा करार २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये झाला. काम साधारणपणे दिवसाला पाच तासांहून जास्त नको, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, दोघांचे हक्क आणि जबाबदाऱ्या लेखी, असं त्यात आहे. त्यावर थोड्याच देशांनी शिक्कामोर्तब केलं, आणि प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. जर्मनीत आठवड्याला तीस तासांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या कार्यक्रमात दिवसाला दहा आणि आठवड्याला पंचेचाळीस तास, आणि कामं मुलांशी संबंधितच. तू ज्या देशात आहेस तिथला नियम सरकारी माहितीतून काढ, ऐकीव नको.

आता बोलायचं कसं. दोन आठवडे वहीत फक्त तास लिही: आठ ते एक, तीन ते सात, काय काम. शेरे नकोत. मग आई-वडील दोघंही असतील अशी वेळ मागून घे आणि वही समोर ठेव. 'मला जास्त काम पडतं' म्हटलं की वाद होतो. 'ह्या आठवड्यात बावन्न तास झाले, करारात तीस आहेत, यातलं काय कमी करूया?' म्हटलं की आकड्यांवर बोलणं होतं. माझ्या घरच्या बाईंनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कधी बेरीज केलीच नव्हती. इस्त्री दुसऱ्या दिवशी बंद झाली, खिडक्या मात्र अधूनमधून येत राहिल्या. सगळं काही सुटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

बोलूनही फरक पडला नाही तर ज्या संस्थेमार्फत गेलीस तिला लेखी कळव आणि घर बदलून माग. तसं मागणं म्हणजे हरणं नव्हे. पासपोर्ट तुझ्याजवळच असला पाहिजे, 'सांभाळायला' म्हणूनसुद्धा कुणाला द्यायचा नाही. खोलीच्या दाराला आतून कडी हवी. ह्या दोन गोष्टींवर चर्चाच नाही.

महिन्याभराने माझं वर्ष संपतंय. मुलांना कधी आणि कसं सांगू? त्यांचे आई-बाबा म्हणतात शेवटच्या दिवशीच सांगू, उगाच रडतील.

शेवटच्या दिवशी सांगणं म्हणजे तेच मागचं दार झालं. सहा-सात वर्षांच्याला तीन-चार आठवडे आधी सांग, तीनच्या आतल्याला आठवडाभर पुरे, आणि आधी आई-बाबांना हे पटवून दे. तू का जातेयस ते एका वाक्यात सांग, आणि त्याने आगाऊपणा केला म्हणून नाही हेही सांग. विचारत नसली तरी मुलं तसंच धरून बसतात. तुझ्यानंतर कोण येणार ते माहीत असेल तर तिच्यासाठी वही मुलांकडूनच लिहून घे. मूमू म्हणजे काय, डबकं कुठलं चांगलं, तिकीट कितीचं.

रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी करून दाराला लाव, जितके दिवस तितक्या कड्या. रोज सकाळी एक तोडायची. आमची साखळी दोनदा करावी लागली. पहिल्याच सकाळी मी बाहेर येऊन बघते तर धाकटीने एकवीसच्या एकवीस कड्या फाडून ठेवल्या होत्या, आणि थोरला माझे बूट हातात घेऊन दाराशी उभा होता, आजच जायचं का म्हणून विचारायला.